वैतागाचा फळा

वंदना पगारे या बाईंचा मला पहिल्याच दिवशी असा राग आला होता, की काय सांगू! आल्या आल्या त्यांनी माझी खुर्ची उचलायला लावली. अंबडच्या त्या कारखान्यात मी अकरा वर्षं लाइन सुपरवायझर होतो आणि अकरा वर्षांत मी कमावलेली एकमेव इस्टेट म्हणजे पंख्याखालची ती खुर्ची. क्वालिटीला नव्या मॅडम येणार एवढं कानावर होतं. समोर येऊन उभी राहिली ती पन्नाशीची किडकिडीत बाई. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, ओढणीची कमरेला गाठ, गळ्यात स्टॉपवॉच.

"जाधव ना तुम्ही? इथे बसून काय दिसतं तुम्हाला?"

"सगळी लाइन दिसते की."

"पाठी दिसतात. हात कुठे दिसतात? काम हातात असतं."

एवढं बोलून त्या पुढे गेल्यासुद्धा, आणि मागून दोन माणसं येऊन माझी खुर्ची घेऊन गेली. मी मनात म्हटलं, महिनाभराचं नाटक आहे. अशी किती आली नि किती गेली. सुधारणेचे जपानी शब्द भिंतीवर रंगवायचे, फोटो काढायचे, पेढे वाटायचे, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

पण या बाई भिंतीकडे फिरकल्याच नाहीत. त्या फिरायच्या माणसांभोवती. आठवड्याच्या आत कामगारांनी नाव पाडलं, 'भिंगरी'. चहासुद्धा चालता चालता प्यायच्या, तोही अर्धा. उरलेला कप कधी ड्रिल मशीनवर, कधी फायर बकेटच्या कडेला. बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या नाहीत. रविवारी सकाळी मी घरी दाढी करत असताना फोन यायचा, "जाधव, तिसऱ्या स्टेशनचा पाना डावीकडे का टांगलाय? माणूस तर उजव्या हाताचा आहे." नमस्कार नाही, चमत्कार नाही. बायको म्हणायची, "कोण हो ही? हिला घरदार नाही का?" घरदार होतं की नव्हतं, मला आजही नीट ठाऊक नाही. एवढंच माहीत आहे, की वडील इगतपुरीला रेल्वेत चावीवाले होते. पाऊस असो, ऊन असो, रोज रुळांवरून चालत जायचे आणि हातोडीच्या आवाजावरून रुळाला घट्ट धरणारी चावी ढिली झालेली ओळखायचे. "आमच्या बाबांनी कधी खुर्चीत बसून रूळ तपासला नाही," हे मला दर चार दिवसांनी ऐकावं लागायचं. खुर्ची तर गेली होतीच, वर हे.

आमच्याकडे वाहनांना लागणारे छोटे सुटे भाग व्हायचे. त्यात एक ब्रॅकेट होता. त्याला नट बसवायचं काम कैलासकडे. कैलास म्हणजे सरळ माणूस, पण दोन-तीन दिवसांनी एखाद्या ब्रॅकेटचा नट राहायचाच, आणि गिऱ्हाइकाकडून तक्रार. मी दोनदा लेखी ताकीद दिली होती. तिसरं पत्र खिशात तयार. तिसरं मिळालं की घरी. मॅडमना हे कळलं तशा त्या कैलासच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, त्या अख्खी पाळी. जेवायच्या सुट्टीत डबासुद्धा तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. कैलासचे हात घामाने ओले झाले होते बिचाऱ्याचे.

पाळी सुटताना मला म्हणाल्या, "मागून ट्रॉली जाते, तेव्हा हा ब्रॅकेट हातात घेऊन बाजूला सरकतो. परत येतो तेव्हा त्याला वाटतं, नट लावून झाला. ट्रॉली सतरा वेळा गेली आज."

"अहो, पण लक्ष नको का ठेवायला माणसानं?"

"जाधव, ते पत्र कैलासला नाही, ट्रॉलीला द्या."

दुसऱ्या दिवशी घरून येताना चक्क आप्पेपात्र घेऊन आल्या! काळं, बिडाचं, बारा खळग्यांचं. एका क्रेटमध्ये बारा ब्रॅकेट मावायचे. बारा खळग्यांत बारा नट. क्रेट भरला आणि आप्पेपात्रात नट उरला, म्हणजे एक ब्रॅकेट उपाशी आहे, तो तिथल्या तिथे शोधायचा. ट्रॉलीचा रस्ताही पलीकडून वळवला. त्यानंतर नटाची तक्रार आली नाही म्हणजे नाही. पुढे कंपनीने प्लास्टिकचा छान ट्रे मागवला, तर कैलास म्हणतो, "ट्रे राहू द्या, मला हेच बरं आहे." मी तिसरं पत्र फाडलं, पण मनातून अजून धुसफुसतच होतो. अकरा वर्षं मी तिथे उभा होतो, म्हणजे बसलो होतो, आणि ट्रॉली मला दिसली नव्हती.

चूक झाली की त्यांचं एकच पालुपद असायचं, "माणूस शेवटी. आधी जागा बघा." आणि त्याच्या जोडीला, "आणि ते का?" हे "आणि ते का" सलग पाच-सहा वेळा ऐकलं की चांगल्या चांगल्यांचं पित्त खवळायचं. स्टोअरचा माणूस तर त्यांना येताना पाहिलं की संडासात जायचा.

कारखान्याबाहेरही तीच तऱ्हा. माझ्या मुलीचा साखरपुडा पंचवटीतल्या एका हॉलमध्ये होता. बोलवायचं म्हणून बोलावलं. दहा मिनिटांनी पाहतो, तर बाई केटररच्या माणसांना टेबलं उलटी लावायला सांगताहेत. पापड सुरुवातीला ठेवले की लोक तिथे अडतात, भात मागे राहतो, असं काहीतरी. आमचे व्याही त्यांना केटररच समजले आणि म्हणाले, "ओ बाई, इकडे जिलेबी आणा." मी लाजेने अर्धा झालो. मॅडमनी खरंच जिलेबी आणली, व्याह्यांच्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधीची दोन तशीच आहेत. ती संपवा, मग ही वाढते." व्याही अजून विचारतात, ती खडूस बाई कोण होती म्हणून.

त्यांची खरी करामत म्हणजे वैतागाचा फळा. आमच्याकडे सुधारणा पेटी होती, पत्र्याची, कुलूपवाली. मॅडमनी ती उघडली तर आत गुटख्याच्या पुड्या आणि एक जुनी लग्नपत्रिका. पेटी त्यांनी भंगारात टाकली आणि लाइनच्या तोंडाशी काळा फळा टांगला. रोज सकाळी पाळी सुरू होताना दहा मिनिटं सगळ्यांनी त्याच्यापुढे उभं राहायचं. "सुधारणा सांगा" असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. विचारायच्या, "काल कशाचा वैताग आला?"

सुरुवातीला कुणी तोंड उघडेना. मॅडम थेट माझ्यापुढे येऊन थांबल्या. मी म्हणालो, "मला खुर्ची नाही याचा." सगळे खो खो हसले. मॅडमनी ते गंभीरपणे फळ्यावर लिहिलं. मग हळूहळू लोक बोलायला लागले. कुणाचा हातमोजा सैल, कुणाच्या डोळ्यावर उजेड, कुणाला पाण्यासाठी अख्खी शेड ओलांडावी लागते. त्यातलं बरंचसं आठवड्याभरात सुटायचं, म्हणून लोक आणखी बोलायचे.

पण फळ्याच्या माथ्यावर एक ओळ होती. मॅडमनी स्वतःच्या हाताने ऑइल पेंटने लिहिलेली, पुसता न येणारी: 'इथे बोलल्यामुळे कोणाचंही काम जाणार नाही.' खाली त्यांची सही. लोक बोलत होते ते या ओळीच्या भरवशावर. मॅडमनाही ते पक्कं ठाऊक होतं. त्यांचा जीव कशात अडकला असेल, तर त्या ओळीत.

मंदा भोये आमच्याकडे कंत्राटी कामाला होती. पेठकडची, सातपूरला खोली करून राहायची. नवरा गावाकडे, दोन पोरी शाळेत. तिचं आणि आणखी दोघींचं काम एकच, तेल पुसायचं. वाटीच्या आकाराचा एक पार्ट प्रेसमधून निघायचा, तो तोंड वर करून जाळीवर ठेवायचा. प्रेसचं तेल त्या वाटीत साचायचं. तसाच रंगाला गेला तर रंग धरत नाही, म्हणून तिघी दिवसभर चिंध्या घेऊन एकेक वाटी पुसायच्या. तीन वर्षं झाली होती. मंदा कधी बोललेली मला आठवत नाही.

त्या दिवशी फळ्यापुढे तिने हात वर केला. "मॅडम, हे तेल आम्ही पुसतो कशाला?"

"म्हणजे?"

"वाटी पालथी ठेवली तर आपसूक गळून जाईल ना? आम्ही घरी भांडी पालथीच घालतो."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जाधव, पार्ट तोंड वर करून का ठेवतात?"

"पहिल्यापासून तसंच आहे."

"आणि ते का?"

  चार दिवसांत जाळी बदलली. पार्ट पालथे, खाली पसरट ट्रे, तेल ट्रेमध्ये गळायचं आणि पुन्हा प्रेसला जायचं. उरलंसुरलं रंगाआधीच्या धुण्याच्या टाकीत निघून जायचं. चिंध्या बंद. मॅडमना इतका आनंद झाला होता, की त्या दिवशी त्यांनी चहाचा कप पूर्ण संपवला, मी स्वतः पाहिलं. मंदाचा फोटो नोटीस बोर्डवर लागला. तिघींना त्या माप तपासायचं गेज हातात देऊन तपासणी शिकवायला लागल्या. मंदा फार लवकर शिकली. पार्ट हातात घेतला की तिला अंदाज यायचा, गेज नुसतं खात्रीला. "मला हिच्या निम्मी नजर असती तर," मॅडम मला म्हणाल्या होत्या.

आता माझं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण सांगायलाच हवं.

पुढच्याच महिन्यात ऑर्डर कमी झाल्या. प्लांट हेड साहेबांनी मला वर बोलावलं. चहा मागवला. माझ्यासाठी चहा, अकरा वर्षांत पहिल्यांदा! "जाधव, तुमच्या लाइनचं फार ऐकतोय. किती माणसांत चालते आता?"

माझी छाती फुगली. "नऊ लागायची साहेब, आता सहात चालते."

"वा! जरा लिहून द्या ना तसं."

मी लिहून दिलं. खाली सही केली. कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही मला. एवढा दूधखुळा नाही मी. कळलं होतं, पण समोर साहेब होते, चहा होता, आणि निदान एकदा कुणीतरी माझं कौतुक करत होतं.

गुरुवारी यादी लागली. शनिवारनंतर तीन कंत्राटी बायका कमी. मॅडम जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून वर गेल्या आणि मलाही बोलावणं आलं.

"साहेब, मी या बायकांना शब्द दिलाय."

"मॅडम, शब्द तुम्ही दिलात. कंपनीने दिला नव्हता."

"त्यांना तपासणीला घ्या. शिकवलंय मी."

"तपासणीला जागा मंजूर नाही. आणि लाइन सहात चालते, हे तुमचेच जाधव सांगतात." त्यांनी माझा कागद टेबलावर सरकवला.

मॅडमनी तो वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. "बोला ना काहीतरी, जाधव."

 खाली मान घालून बुटाकडे बघत राहिलो. माझीही नोकरी होती, मुलीचं लग्न तोंडावर होतं. ही कारणं मी तेव्हापासून रोज स्वतःला सांगतो आणि रोज ती मला पुरत नाहीत.

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये शिरलो तर लोखंडाचा खणखणाट. मॅडम एकट्या, हातात पाना, गुडघ्यावर बसून नव्या जाळ्या सोडवत होत्या. जुन्या जाळ्या त्यांनी भंगारातून ओढून आणल्या होत्या. कपाळाला ग्रीस लागलेलं. मी म्हणालो, "मॅडम, हे काय?" त्यांनी पुढच्या नटाला पाना लावला. पाळी सुरू झाली, पार्ट पुन्हा तोंड वर करून बसायला लागले, वाट्यांत तेल चमकायला लागलं. तासाभरात रंगाकडून पार्ट परत आले आणि लाइन थांबली. साहेब धावत खाली आले.

"काय चाललंय हे? कोणी केलं?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "सुधारणा मी केली होती, मी परत घेतली. बघा, तेल साचलंय. पुसायला तीन माणसं लागतील."

"हा शुद्ध वेडेपणा आहे."

"आहे," त्या म्हणाल्या. ज्या बाईला एक फुकटचं पाऊल सहन व्हायचं नाही, तिने स्वतःच्या हाताने तीन माणसांचं फुकटचं काम परत मांडलं होतं. मला ते बघवेना. शिसारी येत असेल हो त्यांना त्या तेलाची.

त्यांनी चिंधी उचलून मंदापुढे धरली. मंदाने ती घेतली नाही.

"मॅडम, सुधारणा तुमची नाय. माझी हाय."

मॅडमच्या हातातली चिंधी तशीच पुढे धरलेली राहिली.

"पालथी ठेवली की तेल गळतं, हे आता मला ठाव हाय," मंदा म्हणाली. "आता परत ते पुसायला कशी उभी राहू? लाज वाटंल मला. काम गेलं तर गेलं, पण हे नका करू."

 मग मंदानेच पुढे होऊन एक वाटी पालथी घातली. दुसरी घातली. तिसरीला मॅडमचे हात तिच्या हातांशेजारी आले. दोघींनी मिळून अख्खी जाळी पालथी घातली, आणि आम्ही पंधरा-वीस माणसं, साहेबांसकट, तोंडात मारल्यासारखी बघत उभी.

शनिवारी तिघी गेल्या. त्याच दिवशी मॅडमनी राजीनामा दिला. मी त्यांच्या टेबलाशी गेलो.  म्हणालो, "मॅडम, चुकलं माझं."

त्या पिशवीत आपलं सामान भरत होत्या. हात थांबले नाहीत. "जाधव, आयुष्यभर सांगत आले, माणूस शेवटी, आधी जागा बघा. काल रात्रभर वाटत होतं, या वेळी माणसालाच आधी धरावं."

मी मान खाली घातली.

"तुम्हाला नाही म्हणत. म्हणजे तुम्हालाही म्हणते. पण आधी मला. जगाला विचारत फिरले, 'आणि ते का'. ती ओळ लिहिली तेव्हा स्वतःला नाही विचारलं, कशाच्या जोरावर लिहितेस बाई? वरच्याची सही नाही, कागद नाही. नुसता माझा रंग आणि माझा ब्रश." मग एकदम म्हणाल्या, "सोमवारपासून त्यांना घेऊन काम शोधत फिरते आहे. तिघींचं होईपर्यंत माझं बघणार नाही." आणि निघून गेल्या.

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या असतील.

तीनेक आठवड्यांनी मी कामासाठी सातपूरला गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. एका कारखान्याच्या समोर, रस्त्याच्या अलीकडे टपरीवर चहा घेत होतो आणि पलीकडच्या गेटपाशी ते कॅनव्हासचे बूट दिसले. मॅडम आणि मंदा. दोघीच, बाकीच्या दोघींचं तोवर झालं होतं, हे मला नंतर कळलं. पायाशी धूळ, दोघींच्या हातात पाण्याच्या बाटल्या. गेटच्या खिडकीत एक तरुण साहेब, भरतीचं बघणारा असावा. रस्ता अरुंद, त्यामुळे शब्द न् शब्द येत होता.

"आधी काय काम करायचात?"

"तेल पुसायचं," मंदा म्हणाली.

"ते काम नाही आमच्याकडे."

मॅडमनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. किती जड गेलं असेल त्यांना ते! दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणारी ही बाई.

"आमच्याकडंबी नाय राहिलं," मंदा म्हणाली. "मीच बंद केलं ते. तुमच्यात असं फुकटचं काम कुठं चालतं, ते मी दाखवीन. तपासणी येते मला. पण आधी लिहून द्या, दाखवल्यावर मला काढणार नाय."

तो हसला. "असं कुणी लिहून देतं का, मावशी? बरं, आधीच्या सुपरवायझरचा नंबर आहे?"

मंदाने नंबर सांगितला. आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

मी तो वाजू दिला असता. खोटं कशाला बोलू, पहिला विचार तोच आला. मग उचलला. पलीकडे त्याने फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण माझा आवाज मलाच रस्त्यापलीकडून ऐकू येत होता.

"मंदा भोये तुमच्याकडे होत्या ना? कामाला कशा आहेत? का काढलं?"

"अकरा वर्षं मला जे दिसलं नाही, ते तिला दिसलं," मी म्हणालो.  "तिने सांगितलं म्हणून तीन माणसांचं काम वाचलं, आणि त्या तिघींत ती स्वतः होती. तिला काढलं ते तिच्या चुकीने नाही, माझ्या सहीने काढलं. मी लिहून दिलं होतं. आता हेही लिहून देतो, पाहिजे तर."

पलीकडे मॅडमची मान वळली. त्यांनी मला टपरीपाशी पाहिलं, हातात फोन, दुसऱ्या हातात ग्लास. हसल्या नाहीत, हात केला नाही. क्षणभर नुसतं बघितलं, आणि लगेच खिडकीकडे वळल्या.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "घ्या कागद. आता तुम्ही लिहून द्या."